दाराजवळची जागा

१

मीनल गजभिये सहजासहजी घाबरणारी नव्हती. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या शाळेत मुलं मागून काहीतरी ओरडून पळायची, तेव्हा ही त्यांच्यामागे धावायची आणि म्हणायची, "काय म्हणालास? आता तोंडावर म्हण." हा गुण वडिलांचा. सुखदेव गजभिये भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून निघाले, नागपुरात शिकले आणि लंडनला येऊन डॅगनमच्या मोटार कारखान्यात राबले. युनियनचे प्रतिनिधी म्हणून ते फोरमनसमोर असे ताठ उभे राहायचे की समोरचा आपोआप खुर्ची सोडायचा.

१९९१च्या जानेवारीत मीनल ईलिंगमधल्या एका लहान संग्रहालयात कामाला होती. कुठली वस्तू कुठे ठेवायची, कुठल्या उजेडात ठेवायची, लोकांना किती लांब उभं करायचं, हे ठरवणं तिचं काम. त्या हिवाळ्यात तिच्या वाट्याला अख्खं स्वयंपाकघर आलं होतं.

ते लडाखमधल्या एका आडबाजूच्या खोऱ्यातलं. खिंडीत बर्फ पडलं की ते खोरं अर्धं वर्ष जगापासून तुटायचं. संग्रहालयाच्या हेलन मॅडमनी तिथे दोन हिवाळे काढले होते. ज्या घरात त्या राहिल्या त्या लोकांनी पत्र्याच्या छपराचं, काचेच्या खिडक्यांचं नवं घर बांधलं आणि जुनं स्वयंपाकघर विकायला काढलं. हेलननी ते खांब, तुळया, दार, भांडी, सगळं उतरवून लंडनला आणलं. टेरी नावाच्या सुताराने ते तळमजल्यावरच्या दालनात जसंच्या तसं उभं केलं.

"हिवाळाभर अख्खं घर या एका खोलीत असतं," हेलन सांगायच्या. "खाली गोठा. गुरांची ऊब वर येते. बायका लोकर कातत बसतात, पुरुष दोर वळतात, म्हातारे माळ ओढतात. मुलं सातूचं पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून खातात. भांडणं इथेच, लग्नाची बोलणी इथेच."

मधोमध मातीची चूल. भिंतीला लागून ओळीने गालिचे, प्रत्येकापुढे बुटकं टेबल, त्यावर एक लाकडी वाटी पालथी घातलेली. पहिला गालिचा चुलीजवळ, शेवटचा दाराच्या बाजूला. पहिला मधोमध झिजून खोलगट झाला होता. तो घरातल्या आजोबांचा. आजोबा गेल्यावर त्यावर बसायला कुणी तयार होईना, म्हणून तोही हेलनबरोबर पाठवून दिला होता.

मीनल रोज सगळ्यांच्या आधी यायची. दिवे लावायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची, गालिचे जमिनीवर केलेल्या खडूच्या खुणांवर आहेत ना ते बघायची, मग स्टाफरूममध्ये जाऊन चहा करायची. काम निवांत होतं आणि तिला ते आवडायचं. घरी वडिलांना तर त्याहून आवडायचं. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, आणि आपली मुलगी एका बौद्ध गावाचं घर लंडनमध्ये मांडते आहे, हे सुखदेव विहारात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

२

एका सकाळी गालिचे खुणांवर नव्हते.

फार नाही, वीतभरच. पण सगळेच्या सगळे चुलीच्या दिशेने सरकले होते, माणसं एकमेकांना खेटून बसली की होतं तसं. त्यामुळे दाराजवळ जागा मोकळी झाली होती. बिनगालिच्याची, नुसत्या फळ्यांची, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी.

मीनलने गालिचे परत खुणांवर ओढले. सफाईवाल्यांनी झाडताना ढकलले असतील. साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी खोलीत वासही होता. जुनं लोणी आणि धूर. तिने चुलीच्या तोंडात हात घालून पाहिला. माती गार होती. लाकूड हीटिंगने तापलं की मुरलेला वास सोडतं, टेरीनेच तिला सांगितलं होतं. तेही पटण्यासारखं होतं.

सफाईवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, त्या दालनाची किल्ली आम्हाला दिलेलीच नाही.

त्यानंतर ती गालिचे ओढत असताना मागून आवाज आला. गुर्र, गुर्र, असा दमाने, एका लयीत. लाकडी नळकांड्यात चहा आणि लोणी घुसळल्याचा. मीनलने हा आवाज हेलनच्या टेपवर ऐकला होता, प्रदर्शनात लावायची होती ती टेप. ती न वळता म्हणाली, "हेलन, ती टेप जरा बंद करता?"

आवाज थांबला. तिने मागे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं, आणि टेपरेकॉर्डर अजून खोक्यातच होता.

३

मग तिचा कप तिथे आला.

निळ्या पट्ट्यांचा, कान तुटलेला कप. स्टाफरूममधल्या कपाटात तिने तो आपल्यापुरता ठेवला होता. तो दाराजवळच्या उघड्या फळ्यांवर होता, पुढे टेबल नाही, खाली काही नाही. बाकीच्या वाट्या पालथ्या. हा एकटा उताणा.

मीनलला भीती नाही वाटली, राग आला. तिने कप उचलला आणि सरळ टेरीच्या वर्कशॉपमध्ये गेली.

"टेरी, हा जोक असेल तर मला कळला नाही."

टेरीने चष्मा वर केला. "काय झालं, लव्ह?" तो सगळ्यांनाच लव्ह म्हणायचा.

तिने सांगितलं. टेरी गोंधळला. त्याचं गोंधळणं खोटं नव्हतं, एवढं तिला माणसांचं कळत होतं. "मी कशाला तुझा कप जमिनीवर ठेवू?" तो म्हणाला. "आणि ठेवलाच, तर त्यात गंमत काय?"

त्यात गंमत काय, हे टेरीला कळणं शक्यच नव्हतं. मीनलला मात्र लगेच कळलं होतं. तिची आजी गयाबाई गावातल्या ज्यांच्या शेतावर कामाला जायची, तिथे तिचा कप वेगळा असायचा. तो ओसरीबाहेर वळचणीला खोचलेला. तिने तो स्वतः काढायचा, खाली ठेवायचा, वरून चहा ओतला जायचा. मीनलने हे वडिलांच्या भाषणांतून इतक्यांदा ऐकलं होतं की ती वळचण तिने पाहिल्यासारखीच होती.

ती हेलनकडे गेली. कपाचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ओळीच्या शेवटी, दाराजवळ, गालिच्याशिवाय कोण बसायचं?"

हेलननी हातातलं पेन खाली ठेवलं. "का विचारतेस?"

"मांडणीसाठी."

"लोहार," हेलन म्हणाल्या. "आणि वाजंत्री. सगळ्यात खाली, दाराशी. ते आपली वाटी घरून खिशातून आणायचे. घरातल्या वाटीत त्यांना देत नसत."

"पण तेही बौद्धच ना?"

"हो. सगळेच." हेलननी पेनला टोपण लावलं. "ते आजोबा फार प्रेमळ होते, मीनल. मला ताप आला तेव्हा रात्रभर माझ्या उशाशी बसले. पण लोहार आला की हाताने खूण करायचे. तिथे. नुसती अशी खूण. मी फलकावर ते लिहिलं नाही. लोकांचा गैरसमज होईल असं वाटलं."

"गैर काय त्यात?" मीनल म्हणाली. "समजच होईल."

त्या दिवशी जाण्याआधी तिने आपला कप ओळीच्या मधोमध एका टेबलावर ठेवला. सकाळी तो दाराजवळ होता. दुसऱ्या दिवशी तिने तो आजोबांच्या टेबलावर ठेवला. सकाळी तो दाराजवळ होता, आणि त्यात काठापर्यंत चहा होता. वर लोण्याचा पिवळा तवंग. तिने बोट लावून पाहिलं. कोमट होता.

तिने कप स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये रिकामा केला, घासून धुतला आणि आरशात पाहत राहिली. कुणीतरी करत असणार. दालनाला एकच दार, किल्ल्या दोन, एक तिच्याकडे, एक हेलनकडे. म्हणजे हेलन करतात. ती आपल्या मनाला हेच बजावत राहिली. पण हेलनना तिच्या आजीची वळचण कुठून ठाऊक असणार?

४

"सगळे बौद्ध," सुखदेव म्हणाले, "तरी?"

"हो बाबा."

ते इल्फर्डच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. मीनलची आई जाऊन काही वर्षं झाली होती. घरात दोघंच. सुखदेवांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

"आणि तो जागा बरोबर माझ्यासाठीच ठेवलाय, बाबा. माझा कप. My cup. दुसऱ्या कुणाचा नाही."

"ती जागा," सुखदेव म्हणाले. मुलीचं मराठी सुधारायची त्यांची सवय कुठल्याही प्रसंगी सुटत नसे. "ती जागा. अन् तू तिथं बसली नाहीस ना?"

"मी का बसेन?"

"नको बसू." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात टाकला. मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काऊन घाबराचं? खोलीच आहे ना? मी येतो. शनिवारी घेऊन चल मले. बघू कोण बसवते गजभियेच्या पोरीले खाली."

मीनल हसली. वडील असे बोलले की तिला लहानपणापासून सगळं सोपं वाटायचं.

५

शनिवारी बर्फ पडून गेलं होतं. सेंट्रल लाइनची ट्यूब, भुयारी रेल्वे, रखडत होती, तरी दोघं ईलिंगला पोचले. संग्रहालयात पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. सुखदेवांनी खास सूट घातला होता, कोटावर निळी फीत लावली होती.

दार बुटकं होतं. वाकूनच आत जावं लागे. आत गेल्यावर ते सरळ झाले आणि त्यांचा चेहरा उजळला. धुराने काळी झालेली तुळई त्यांनी हाताने चाचपली. फडताळावरच्या तांब्याच्या भांड्यांकडे पाहिलं. "आमच्याकडेबी अशीच फडताळं होती," ते म्हणाले. "तुझी आई असती तर खुश झाली असती."

गालिचे पुन्हा सरकलेले होते. दाराजवळ फळ्या मोकळ्या होत्या. कप नव्हता. तो मीनलने पर्समध्ये घातला होता, रोज घरी न्यायचा असं ठरवून.

"थांबा हं, मोठे दिवे लावते," ती म्हणाली आणि बाहेरच्या स्विचबोर्डकडे गेली. दालनाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढाच वेळ.

ती परतली तेव्हा बुटक्या दाराबाहेर वडिलांचे बूट काढून ठेवलेले होते. नीट, एकाला एक लावून.

ती वाकून आत गेली. सुखदेव दाराजवळच्या उघड्या फळ्यांवर बसले होते. मांडी घालून नव्हे. उकिडवे, गुडघे छातीशी घेऊन, अंग चोरून, जितकी कमी जागा अडवता येईल तितकी अडवून. हातात तिचा निळ्या पट्ट्यांचा कप होता आणि त्यातून वाफ निघत होती. मीनलचा हात आपोआप पर्समध्ये गेला. पर्समध्ये कप नव्हता.

"बाबा?"

"बस म्हणाले," सुखदेव हळूच म्हणाले.

"कोण?"

ते जमिनीकडे पाहत होते. मीनलने आपल्या वडिलांना रडताना पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं, आईच्या शवपेटीपुढे उभं असलेलं पाहिलं होतं. मान खाली घालून बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. सत्तरीला टेकलेला तो माणूस सात वर्षांचा दिसत होता.

कप त्यांच्या ओठांकडे चालला होता.

मीनलने झडप घातली. कप उडाला, भिंतीवर आपटला, चहा तिच्या मनगटावर सांडला. तो कढत होता. "उठा," ती ओरडली. "बाबा, उठा! इथे नाही बसायचं."

तिने त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. माणसाचं वजन असतं त्याहून ते जड होते, जणू खांद्यांवर कुणीतरी तळवा ठेवून दाबत होतं. तिने दात आवळले आणि पुन्हा ओढलं. ते उठले. तिने त्यांना ओळीपुढून, एकेका टेबलापुढून, चुलीपर्यंत चालवत नेलं आणि आजोबांच्या झिजलेल्या गालिच्यावर बसवलं.

"इथे," ती म्हणाली. "मांडी घालून. सरळ."

सुखदेवांनी मांडी घातली. पाठ सरळ केली. हळूहळू त्यांनी मान वर उचलली.

मग त्यांच्या शेजारचा गालिचा दबला. त्यावर कुणी नव्हतं, पण तो मधून खाली गेला, लोकर करकरली आणि तो तसाच दबून राहिला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. जणू प्रत्येकजण आपापली जागा धरून बसत होता, आणि चुलीजवळून उठलेल्याला कुठेच जागा उरत नव्हती. कुणी भांडलं नाही. नुसतं कपड्यांचं सळसळणं, गुडघ्यांचं कटकटणं, एका लहान मुलाचा खोकला. शेवटी दाराजवळच्या उघड्या फळ्या वाजल्या. एखादा म्हातारा फार दिवसांनी जमिनीवर बसताना कण्हतो, तसं कुणीतरी कण्हलं. आणि सगळं शांत झालं.

"चल आता," सुखदेव म्हणाले. आवाज त्यांचा होता, नेहमीचा.

बाहेर जायला ते एकच दार होतं. त्या जागेला घासूनच जावं लागणार होतं. मीनलने डोळे समोर धरले, खाली पाहिलं नाही, आणि एका दमात बाहेर पडली. मागून सुखदेव येत होते. दारात त्यांचं पाऊल अडखळलं. पाय कुणाला लागला की आपण झुकतो, तसे ते झुकले. हात खाली नेला आणि छातीशी लावला.

"सॉरी हं, बाबा," ते कुणालातरी म्हणाले.

६

परतीच्या ट्यूबमध्ये गर्दी होती. बर्फामुळे गाड्या कमी, माणसं दांड्यांना लोंबकळत होती. सुखदेव आणि मीनल समोरासमोर बसले होते. सुखदेवांच्या शेजारची जागा रिकामी होती. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनावर एक बाई पिशव्या घेऊन तिच्याकडे आली, बसायला वळली आणि काही न बोलता पुढे निघून गेली. त्यांच्या गँट्स हिल स्टेशनापर्यंत तिथे कुणी बसलं नाही.

रविवारी दुपारी ऊन पडलं. मीनलने वरण-भात आणि वांग्याची भाजी केली. सुखदेव खुशीत होते. सोमवारी हेलनना सांगून त्या फलकावर दोन ओळी लिहवायच्याच, लोहाराच्या आणि वाजंत्र्याच्या, असं त्यांचं ठरलं होतं, आणि वाक्यं ते आताच पाठ म्हणून दाखवत होते.

बोलता बोलता ते थांबले.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्यातून पुढचा अरुंद पॅसेज दिसत होता, आणि पलीकडे बाहेरचं बंद दार. तिकडून गारवा येत होता. जुन्या लोण्याचा आणि धुराचा वासही.

"तो तिथं बसलाय," सुखदेव म्हणाले.

"कोण?" मीनलने विचारलं, जरी तिला ठाऊक होतं.

"म्हातारा. ज्याच्या गालिच्यावर मले बसवलं तू, तो. दारापाशी. चपलांजवळ. कालपासून बसलाय."

मीनल पॅसेजकडे पाठ करून उभी राहिली. हातातला डाव तिने घट्ट धरला होता. तिला भीती वाटत होती, आता ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण भीतीच्या वर आणखी काही होतं, आणि ते बोलताना तिचा आवाज कापला नाही.

"बसू दे त्याला. Let him. जन्मभर दुसऱ्याला बसवला ना त्याने तिथे? आता कळू दे कसं वाटतं."

सुखदेवांनी आपलं ताट बाजूला सारलं.

"तेही खरं आहे," ते म्हणाले. "तुझ्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण मीनल, मी तिथं बसलो आहे. ती जमीन कशी गार असते, ते मले ठाऊक आहे. माझ्या घरात कोणी दारात नाही बसणार. तोही नाही."

"बाबा, नका. तो आत आला तर मग जाणार नाही."

"नाही जाणार तर नाही जाणार."

ते उठले. टेबलाशी तिसरी खुर्ची होती, आईची. ती त्यांनी मागे ओढली, रुमालाने पुसली आणि पॅसेजकडे तोंड करून उभे राहिले. युनियनच्या सभेत उभे राहायचे तसे, ताठ.

"वर या," सुखदेव गजभिये म्हणाले. "वर बसा. इथं सगळे टेबलाशी बसतात."

पॅसेजमध्ये फळी वाजली. मग चटई. मग कातडी तळव्याच्या मऊ जोड्यांची, घासत येणारी पावलं, सावकाश, थांबत थांबत, दर दोन पावलांनी विचार केल्यासारखी. मीनलने मान वळवली नाही. गारवा तिच्या पाठीमागून गेला. खुर्ची टेबलाकडे सरकली.

"मीनल," सुखदेव म्हणाले, "पाहुण्यांना ताट वाढ."

मीनलने ताट घेतलं. भात वाढला, त्यावर वरण, कडेला भाजी. ती नजर ताटावर ठेवून वळली आणि दोन पावलं टेबलाकडे गेली.

ताट तिने अजून खाली ठेवलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी दोन हात आले. म्हातारे, भेगाळलेले, भेगांत चुलीची काजळी बसलेले. मानाने काही घ्यावं तसे त्यांनी ताट दोन्ही ओंजळींनी खालून धरलं, आणि मीनलच्या हातातलं वजन गेलं.